जेटीवरचा फळा: प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून, सोमवार

गोव्यात पावसाळ्यातली मासेमारीबंदी कालपासून लागली. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, ट्रॉलर आणि पर्सिनवाले (मोठं वेढ्याचं जाळं टाकणारे) सगळे बंद. पाऊस यंदा मे मध्येच आला त्यामुळे शेवटचे काही दिवस तसेही वायाच गेले, इथे वास्कोत खारीवाड्यावर बोटी कधीच्याच दोरांनी बांधून ठेवल्यात, वर निळी ताडपत्री. खलाशी गावाला गेले. ओडिशा-झारखंडवाले बरेचसे वास्कोहूनच अमरावती एक्स्प्रेस पकडतात, स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, शनिवारी तिथे नुसता पिशव्यांचा डोंगर होता.

तर काम असं ठरलंय की बंदीच्या या दोन महिन्यांत जेटीजवळ जाळ्यांच्या शेडच्या भिंतीवर एक मोठा फळा लावायचा. गावातली रोजची खबर एका जागी. व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, असं तिघांनी तरी विचारलं. आहे, त्यात सकाळी साठ गुड मॉर्निंग, मग कुणाचा तरी वाढदिवस, मग कुठल्या तरी राज्यातला व्हेल माशाचा जुना व्हिडिओ, आणि मधे कुठेतरी हवामान खात्याचा इशारा असतो तो कुणी बघत नाही. शिवाय पहाटे चारला ओल्या हातांनी फोन कोण काढणार. बाजारात बसणाऱ्या निम्म्या मावश्यांकडे बटणवाला फोन आहे आणि त्यांचं त्याच्यावाचून काहीही अडत नाही.

या नोंदी मी ठेवतोय कारण पुढच्या वर्षी कुणी दुसऱ्याने हातात घेतलं तर त्याला शून्यापासून सुरू करायला नको.

८ जून, रविवार

प्लाय आणला, आठ बाय चार, मरीन प्लाय घ्यावा असं सुतार म्हणाला आणि भाव ऐकून आम्ही साधा घेऊन कडांना बोटीचाच रंग मारायचं ठरवलं. रंग फुकट मिळाला, बंदीत सगळ्या बोटींची रंगरंगोटी चालू असते, प्रत्येकाकडे डब्यात उरलेला असतोच. त्यामुळे फळ्याची चौकट चार बाजूंनी चार रंगांची झालीय. काहींना आवडली नाही. मला बरी वाटते.

वर पत्र्याचं छप्पर हवंच, तिरकं, दीड हात तरी पुढे आलेलं. इथला पाऊस वरून येत नाही, खाडीच्या बाजूने आडवा येतो.

१५ जून, रविवार

आज पहिला रकाना आखला, भरती-सुकती (सुकती म्हणजे ओहोटी). आम्ही मुरगावच्या वेळा इंटरनेटवरून काढून कागदावर आणल्या होत्या (मुरगाव बंदराच्या वेळा अधिकृत कोष्टकात मिळतात, त्याचा त्रास नाही). थोरले तांडेल मामा जाळं शिवत बसले होते, त्यांनी कागद बघितलाच नाही. म्हणाले आज तिथी काय. चवथ. मग चाराची पाऊणपट काढ. तीन. तीन वाजता मुंबईला भरती, आता त्यातनं पाऊण तास-तास काढून टाक, ती आपली. कागदावर बघितलं तर जवळपास तेच.

पाऊणकीचा हा हिशोब मी कोकणातल्या लोकांकडून ऐकला होता, तिथी गुणिले तीन भागिले चार, पण आपल्याकडे वेळ कमी का करायची ते आज कळलं. पाणी दक्षिणेकडून वर चढत जातं, आधी कारवार, मग आपण, मग रत्नागिरी, मुंबई शेवटी. म्हणून कॅलेंडरात छापलेली मुंबईची वेळ बघून वास्कोत होडी लोटायला गेलात तर पाणी उतरायला लागलेलं असतं. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते वेळ, तिथी-तिथीमागे पाऊण तास, म्हणूनच ती पाऊणपट. शाळेत हे गणित असं शिकवलं असतं तर.

मामांनी अजून दोन गोष्टी लिहायला सांगितल्या. उधाण आणि भांग. पुनव-अवसेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगेला पाणी फारसं हलत नाही, ओढ कमी, काही जाळी तेव्हाच बरी पडतात. नुसती वेळ लिहून काय करणार, पाण्याला जोर किती ते लिहा, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे.

खुबे-तिसऱ्या काढणाऱ्या दोन बायका चिखलीकडच्या, त्या बाजारात आल्या होत्या, त्यांना विचारलं तुम्हाला काय पाहिजे. भरती तुमची तुम्ही ठेवा, आम्हाला सुकती किती वाजता ते मोठ्या अक्षरात लिहा. म्हणजे तोच रकाना, पण अर्धा त्यांचा. मोठ्या अक्षरात लिहिलं.

२४ जून, मंगळवार

सांव जांव, सेंट जॉनचा सण. फळ्याचं काम काही नाही, सगळी पोरं डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत. फक्त एक झालं, सकाळी कुणीतरी आम्हाला न विचारता खडूने लिहून गेलं की अमक्या वाड्यावरच्या विहिरीत खाली दगड पडलेत, तिथे उडी मारू नका. आम्ही फळ्यावर काय असावं याच्या मीटिंगा घेतोय आणि पहिली खरी कामाची खबर कुणी भलत्यानेच लिहिली. पुसली नाही. पावसाने संध्याकाळपर्यंत पुसली.

३० जून, सोमवार

काल सांगोड बघायला आमच्यातले दोघे बार्देसला गेले होते. सां पेद्रूचं (सेंट पीटरचं) फेस्त, दोन होड्या एकमेकींना बांधून वर माटव (मांडव) घालतात आणि त्याच्यावर गाणी-नाटक. दोघेही भिजून तापाने झोपलेत, म्हणून खडूचं काम माझ्या एकट्यावर.

खडू. हा मोठाच प्रॉब्लेम निघालाय. जूनच्या हवेत फळा सतत दमट, खडू घासला की नुसती चिखलासारखी रेघ उमटते, आणि वाळलं की दिसत नाही. व्हाईटबोर्डचं मार्कर आणून बघितलं, शाई ओघळली. फ्लेक्स छापून लावा म्हणणारे आहेतच. पण रोज बदलणारी गोष्ट फ्लेक्सवर कशी छापणार, आणि गावात फ्लेक्स काय कमी आहेत.

५ जुलै, शनिवार

सुटला. बोटींवर नाव आणि आयएनडी-जीए नंबर रंगवणारा आमचा पेंटर, त्याने तेलाच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे कापले, वहीएवढे तुकडे, एनॅमल रंगाने त्यावर आकडे काढले, वर भोक पाडलं. फळ्यावर हुक. क्रिकेटच्या स्कोअरबोर्डासारखं, वेळ बदलली की पाटी बदला. खडू नाही, पाऊस कितीही येऊ दे. कडा धारदार राहिल्या होत्या म्हणून त्याने त्या ठोकून दुमडल्या, ते आम्हाला सुचलंच नसतं.

मग त्याला आवरेना. आकडे झाले, आता मासे काढतो म्हणाला. बांगडा, तारले, इसवण, माणके, सुंगटं (कोळंबी), लेपे, मुडदुशी, कुर्ली. एकेका पाटीवर एकेक मासा. बांगड्याच्या पाठीवरच्या काळपट रेषा इतक्या बरोबर आल्यात की मांजर येईल. शेवटोही काढलाय, राज्याचा मासा म्हणून मान द्यायला.

यातून एक वाद आपोआप मिटला. फळा कुठल्या लिपीत याच्यावर कुजबुज चालू होती. आम्ही सगळे मराठी शाळेतले, हात सरळ देवनागरीकडे जातो, पण इथले कितीतरी पात्रांव (ख्रिश्चन मंडळी) कोंकणी वाचतात ती रोमी लिपीत, आणि खलाशी हिंदी. चित्राला लिपी नसते. आकडे मात्र दोन्ही तऱ्हेचे काढलेत, पाटीच्या एका बाजूला आपले आणि मागे इंग्रजी. कुठली बाजू पुढे ते त्या दिवशी लावणाऱ्याच्या मनावर.

१३ जुलै, रविवार

आजची नोंद लांब होणार.

भावाचा रकाना. आमच्या मनात पहिल्या दिवसापासून हाच मुख्य रकाना होता. जेटीवर पावणीत (लिलावात) कुठला मासा क्रेटमागे किती गेला ते लिहायचं, सगळ्यांना कळेल, पारदर्शक वगैरे. त्यासाठी सगळ्यात मोठी जागा मधोमध सोडलेली. आज बाजारातल्या मावश्यांना बोलावून दाखवलं. चहा-पाव पण आणला होता.

थोरली मावशी फळ्यासमोर उभी राहिली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली हे नको. का? तर, अरे बाबा, तू वर लिहिणार बांगडा क्रेट अमुक. गिऱ्हाईक सकाळी फिरायला येणार, वाचणार, फोनवर भागाकार करणार आणि मग माझ्यासमोर येऊन म्हणणार, मावशी जेटीवर तर एवढाच आहे. मग बर्फ कुणी घातला? रिक्षा कुणी दिली? सोपो, बाजाराचा कर, कुणी भरला? क्रेटमध्ये वर मोठे आणि खाली बारके निघाले ते कुणी खाल्ले? संध्याकाळी उरलेला वाटा अर्ध्या भावात देते तेव्हा नाही कुणी फळा वाचायला येत.

तेवढ्यात होडीवाले एक काका मधे पडले. त्यांचं अगदी उलटं. त्यांच्यासारख्या छोट्या होडीवाल्यांनी इंजिनासाठी, जाळ्यासाठी कुणाकडून तरी उचल घेतलेली असते, मग मासळी त्यालाच द्यावी लागते आणि भाव तो सांगेल तो, तोही कधी कधी दुसऱ्या दिवशी. फळ्यावर भाव असेल तर निदान तोंडावर बोलता तरी येईल. लिहाच, म्हणाले, आणि मोठ्याने लिहा.

दोघांचंही खरं. अर्धा तास जोरजोरात. मावशी म्हणे तुझा भाव मिळावा म्हणून माझा धंदा का मोडू, काका म्हणे वर्षभर माझीच मासळी विकतेस ना. एकमेकांचे शेजारी आहेत, रागाने बोलत होते पण चहा एकाच किटलीतला. कॉलेजात जाणारा आमचा एक जण म्हणाला, भाव लिहिणं हा लोकांचा हक्क आहे. मावशीने त्याच्याकडे बघून विचारलं, लोक म्हणजे कोण? तुझ्या फ्लॅटवाल्या बाई की मी?

मधेच तांडेल मामांनी जुना विषय काढला, रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या, आंदोलनाचा. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले तेव्हा सरकारी कागदावर सगळं छानच लिहिलेलं होतं, मासळी वाढणार, निर्यात वाढणार. रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय येणार ते कुणी लिहिलं नव्हतं. मग रापणकारांचे नेते माताणी साल्ढाणा वगैरे लोक उभे राहिले, मोर्चे, उपोषणं, तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिकवाल्यांसाठी राखला गेला. मामांचं तात्पर्य एवढंच की रकाना कोण आखतो ते आधी बघावं. आम्ही गप्प बसलो.

शेवटी दोघांना विचारलं, भाव सोडून काय लिहिलं तर तुम्हा दोघांना चालेल. मावशी म्हणाली पावणी किती वाजता लागणार ते लिही. काका म्हणाले हां, ते लिही. कारण पावणी उशिरा लागली की बर्फ वितळतो, मावशीचं सकाळचं गिऱ्हाईक जातं, आणि होडीवाल्याची मासळी मऊ पडून भाव उतरतो. उशिराचा फायदा एकट्या दलालाला. दोघांचं दुखणं एकच निघालं आणि ते आमच्या यादीत कुठेच नव्हतं.

तर मधली मोठी जागा आता अशी: आज कुठली मासळी आली (चित्रांच्या पाट्या) आणि पावणी किती वाजता. भाव नाही. कॉलेजवाला अजून रुसलेला आहे.

२० जुलै, रविवार

इशाऱ्याचा रकाना. हवामान खातं आणि इनकॉइस (समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था) यांचं रोजचं बघून तीनच पाट्या ठेवायच्या, हिरवी जा, पिवळी बघून जा, लाल जाऊ नका. वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची खाली आकड्यात, ज्याला हवं त्याने वाचावं. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर चौकटीवरच कायमचा रंगवून टाकला, पाटी नाही, कारण पाटी कुणी नेली तर?

बंदीत बिनइंजिनाच्या आणि छोट्या होड्या जातातच, त्यांना परवानगी आहे, त्यामुळे लाल पाटी आत्ताही कामाची. परवा लाल लावली तर एक जण म्हणाला काढा, माझी बायको वाचते. काढली नाही.

बाजारात आता बाहेरची मासळी, कर्नाटक, आंध्र, तामिळनाडूकडची, बर्फाच्या गाड्यांतून. २०१८ च्या जुलैमधला मासळीतल्या फॉर्मेलिनचा गोंधळ लोक अजून विसरले नाहीत, गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, वास घेतं आणि मग सुके बांगडेच घेऊन जातं. घरोघरी पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवलेलं) सुकं अजून शिल्लक आहे. आमच्याकडे तर आज गालम्याची (सुक्या जवळ्याची) किसमूर आणि पेज, पावसात याच्यापुढे ताजी मासळी काहीच नाही असं माझं मत आहे आणि ते मी जेटीवर मोठ्याने बोलत नाही.

३१ जुलै, गुरुवार

सप्ताह झाला. काल नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळात श्रीफळ ठेवून चोवीस तासांचं भजन सुरू झालं, रात्री पार, म्हणजे भजनांच्या मिरवणुका, गावातल्या निरनिराळ्या समाजांचे आणि धंदेवाल्यांचे, आणि स्वातंत्र्य पथावर फेरीवाल्यांची रांग इतकी की मला जेटीवरून घरी यायला तास लागला. १८९८ च्या सुमाराला गावात प्लेग पसरला तेव्हा लोक जांबावलीच्या दामोदराकडे गेले आणि तिथून नारळ घेऊन आले, तेव्हापासूनचं हे. एकशे पंचवीस वर्षं उलटून गेली.

फळ्यावर काल पारांच्या वेळा लिहा म्हणून रेटा होता. मी नको म्हटलं, पार कधी वेळेवर निघालाय. शेवटी सप्ताहाच्या दिवशी कुठली गल्ली गाड्यांना बंद तेवढं लावलं, आणि त्याचा रिक्षावाल्यांना खरोखर उपयोग झाला.

आज रात्री बारा वाजता बंदी उठते. जेटीवर बर्फाच्या गाड्या लागल्यात, डिझेलची पिंपं, जाळी चढवतायत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

बोटी गेल्या थोड्याच. समुद्र खवळलेला आणि खलाशी आलेले नाहीत. बरेच जण म्हणतात नारळी पौर्णिमेआधी जायचंच नाही.

खलाशांवरून नवीन रकाना झाला आणि तोही आमच्या डोक्यातला नव्हे. ओडिशाहून आलेला एक पोरगा, मागच्या सीझनच्या बोटीत जागा भरली म्हणून मोकळा फिरत होता, त्याने विचारलं, भैया इसपे लिख दो ना किस बोट में आदमी चाहिए. पेंटरने लगेच माणसाचं चित्र काढून पाटी केली. दोन मालकांना ते पटलं नाही, माणसं कमी आहेत हे दिसलं की खलाशी पगार वाढवून मागतात म्हणे. मागू देत की. पोराला संध्याकाळपर्यंत काम मिळालं.

९ ऑगस्ट, शनिवार

काल नारळी पौर्णिमा. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ, आरती, भजन, समुद्राला अर्पण, आणि मागोमाग तो नारळ पकडायला पाण्यात उड्या मारणारी पोरं. आज पहाटे फळ्यावरचे हुक पहिल्यांदा भरले. सुंगटंच सुंगटं, थोडे लेपे, थोडी माणके. पावणी साडेपाच लिहिली होती, पावणेसहाला लागली. मावशी पाटीकडे बोट दाखवून दलालाला बोलली, काय बोलली ते इथे लिहीत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

विचित्र महिना आहे हा. दोन महिने लोक ताज्या मासळीसाठी आसुसलेले आणि नेमकी बंदी उठते तेव्हा श्रावण. हिंदू घरांत बहुतेक ठिकाणी बंद, म्हणजे निम्मं गिऱ्हाईक गायब. सुंगटं ढिगाने येतायत आणि स्वस्त जातायत, मोठी कंपन्यांकडे निर्यातीला, बारकी बाजारात. ख्रिश्चन वाड्यांवर दारोदार फिरून विकणाऱ्या मावश्या सध्या खुशीत, बाजारात बसणाऱ्या नाहीत.

चार दिवस वारा आहे, पाटी पिवळी, आज लाल. बोटी परत आल्या.

एक पाटी चोरीला गेली, इसवणाची. पेंटर म्हणतो कुणीतरी घरात शोभेला लावली असणार, त्याला राग येण्याऐवजी बरंच वाटलंय. दुसरी काढून देतो म्हणाला, या वेळी जरा वाईट काढतो.

२४ ऑगस्ट, रविवार

श्रावण काल संपला पण बुधवारी चवथ, त्यामुळे अर्धा गाव तसाच शिवराक (शाकाहार) पुढे नेणार. खलाशीही काही सुट्टीवर, मालक घरच्या गणपतीत. मखराची लाकडं जेटीवरच तासली जातायत आणि बाजारात मासळीच्या शेजारी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान, कांगलं, घागऱ्यो, आंबाड्यांचे घोस, कच्च्या सुपाऱ्या.

माटोळीवाल्यांना फळ्यावर जागा हवी होती. दिली नाही, मग त्यांनी चौकटीच्या खिळ्यालाच सुपारीचा घोस टांगला आणि भाव तोंडाने सांगतायत. आरत्यांचं वेळापत्रकही एकाने आणलं होतं, ते बाजूच्या भिंतीवर चिकटवलं.

राहिलेलं काम: फळ्यावर दिवा. पहाटे चार वाजता पाट्या वाचायला बॅटरी मारावी लागते. वीज शेडमधून घ्यायची तर मीटर कुणाचा हा प्रश्न, एक मालक द्यायला तयार आहे पण मग फळा त्याचा झाला असं बाकीचे म्हणणार, म्हणून सोलरचा छोटा दिवा बघतोय. मावशीने वर्गणी सुरू केलीय, स्वतःच, आम्हाला न विचारता, आणि कॉलेजवाल्याकडून पहिले पन्नास घेतले.

पाट्या लावायची पाळी: चवथीचे पाच दिवस मामांचा नातू भरती-सुकती आणि इशारा एवढंच लावणार. मासळीच्या पाट्या गोणीत, गोणी शेडमध्ये डाव्या हाताला, जाळ्यांच्या मागे. हुक अजून दोन डझन लागतील, पितळी घ्या, लोखंडी आत्ताच गंजलेत.